दारासमोरच्या आडोशाची झाडं: तुमचे अनुभव लिहा

आमचं दार लिफ्टच्या बरोब्बर समोर आहे. लिफ्ट उघडली की आतल्या माणसाला आमचा हॉल, सोफा आणि सोफ्यावर जसा असेन तसा मी, असं सगळं दर्शन फुकटात होतं. वारा यावा म्हणून दार उघडं ठेवायची सवय आहे आणि ती मोडायची नाही. म्हणून दाराशी झाडांचा आडोसा करायचं चाललंय.

अडचणी दोन. पॅसेजमध्ये ऊन अजिबात येत नाही. टोकाला एक खिडकी आहे, पण तिचा उजेड आमच्या दारापर्यंत येईस्तोवर दमलेला असतो. दुसरं म्हणजे कामानिमित्त महिन्यातले 10-12 दिवस मी घरी नसतो आणि पाणी घालायला दुसरं कुणी नाही.

विकणाऱ्याला विचारलं तर त्याची सगळीच झाडं 'काही करावं लागत नाही' याच जातीची असतात. म्हणून ज्यांनी स्वतः लावली, जगवली किंवा मारली, त्यांनी लिहा. मारलेल्यांबद्दल जरा सविस्तर लिहिलंत तर बरं होईल.

*

मारलेल्यांत आमचा नंबर बहुतेक पहिला. 6 फुटी अरेका पाम, दोन नग. आणले त्या दिवशी इतके दाट होते की लिफ्टमधून आमचं दारच दिसेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, जंगलात राहायला आल्यासारखं वाटतंय. आम्ही खूश.

दीड-दोन महिन्यांत खालची पानं पिवळी पडायला लागली. टोकं करपली. मी पाणी वाढवलं, मग कमी केलं, मग खत घातलं. या तिन्हीतलं एकही करायला नको होतं, कारण मूळ दुखणं उजेडाचं होतं. मग पानांखाली बारीक जाळी दिसायला लागली, ती लाल कोळी नावाच्या किडीची. ओल्या फडक्याने एकेक पान पुसत बसायचे, रविवारचे दोन तास त्यातच जायचे. झाड शेवटी मेलं नाही, पण खालून उघडं पडलं. कमरेपर्यंत नुसत्या काड्या आणि वर छत्री. म्हणजे जिथे आडोसा हवा नेमका तिथेच भोक.

नंतर कुंडी उलटी केल्यावर कळलं की ते एक झाड नव्हतंच. 12-14 रोपं एकाच कुंडीत कोंबलेली होती, लवकर भरगच्च दिसावं म्हणून. भरपूर उजेडात ती सगळी तगतात, अंधारात त्यांची आपापसात मारामारी होते आणि बारकी आधी जातात.

आता त्या जागी रॅफिस पाम आहे, चौथं वर्ष. पान हाताच्या पंजासारखं, खोड बारीक, काथ्या गुंडाळल्यासारखं. कमी उजेडात निवांत राहतो. मुख्य म्हणजे जमिनीतून नवे फुटवे येत राहतात, त्यामुळे खालची बाजू भरलेली राहते. दोष एकच: वाढ अत्यंत सावकाश. 'लहान घेऊ, वाढेल' असं करू नका, हवा तेवढ्याच उंचीचा घ्या. वरची दोन इंच माती सुकली की पाणी, बाकी मी त्याच्याकडे बघतही नाही.

*

झाड निवडण्याआधी एक करून बघा. नवऱ्याला सोफ्यावर बसवलं आणि मी लिफ्टपाशी उभी राहिले. मग मुलीला एक पुठ्ठा धरून दारात पुढेमागे करायला लावलं. निघालं काय, तर सगळं दार झाकायची गरजच नव्हती. दाराच्या डाव्या अंगाला दोनेक फूट रुंदीचा पट्टा झाकला की सोफा गायब. उंचीही बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढी, साधारण 4 फूट पुरते. नाहीतर आम्ही पण 6 फुटी काहीतरी घेऊन बसलो असतो.

मग एक फूट उंच स्टँड, त्यावर लांबट कुंडी आणि तीत 3 फुटी स्नेक प्लांट दाटीने लावले. पानं सरळ वर जातात, दारात येत नाहीत, येणाऱ्याच्या कपड्यांना लागत नाहीत. (याचं शास्त्रीय नाव सान्सेव्हिएरिया म्हणून पाठ केलं होतं, 2017 मध्ये त्याला ड्रॅसिनाच्या कुळीत ढकललं. झाडाला काही फरक पडलेला नाही.)

पहिली खेप मात्र आम्ही मारली. सासूबाईंना वाटायचं मी पाणी घातलं नसेल, मला वाटायचं त्यांनी घातलं नसेल. दोघीही कर्तव्यदक्ष. एक दिवस धूळ पुसायला पान धरलं तर ते अख्खं हातात आलं, खालून लिबलिबीत आणि घाण वास. आता कुंडीला कागद चिकटवलाय, पाणी घातल्याची तारीख लिहायची. 3 आठवड्यांच्या आत कुणी हात लावायचा नाही.

*

पडदा लावला तर काय बिघडेल?

*

पडद्याने वारा अडतो आणि तो धुवावा लागतो. झाड धुवावं लागत नाही.

*

अरेकाची पानं दोन तास पुसणाऱ्याचा अनुभव वर आहे, तो वाचा :)

*

जरा वेगळं लिहितो. आमच्या दाराच्या दोन्ही बाजूंना 16 इंची कुंड्या होत्या, छान वाढलेले शेफ्लेरा. एका रात्री वडिलांना स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. स्ट्रेचर दारातून वळेना. ओल्या मातीने भरलेली तेवढी कुंडी 60 किलोच्या आसपास जाते, ती फरशीवरून सरकत नाही. मी आणि शेजारी मिळून ओढत होतो आणि वडील आत वाट बघत होते. ते बरे होऊन घरी आले, पण ती पाच मिनिटं डोक्यातून गेली नाहीत.

दुसऱ्याच आठवड्यात कुंड्या बदलल्या. आता प्लास्टिकच्या हलक्या कुंड्या आहेत, अर्धी माती अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा), खाली ब्रेकवाली चाकं. एका हाताने बाजूला होतात. आणि कुंड्या फक्त एकाच अंगाला. आग लागली तर सगळ्या मजल्याची माणसं याच पॅसेजमधून पळणार, त्यामुळे जिन्याच्या आणि लिफ्टच्या वाटेत काहीही नको. सोसायटीची परवानगी लेखी घ्या. तोंडी परवानगी कमिटी बदलली की संपते.

*

वरच्या प्रतिसादानंतर आमच्या कुंड्या आत घेतल्या, खरंच.

तसंही आडोसा दाराबाहेरच हवा असं नाही. आमचा दाराच्या आत चार फुटांवर आहे: लोखंडी जाळीचा उभा सांगाडा आणि त्यावर मनी प्लांट. पॅसेज मोकळा, कुणाची तक्रार नाही. मनी प्लांट लोंबता ठेवला तर पानं बारीक होत जातात, वर चढायला आधार दिला की मोठी होतात. जाळीच्या मागे काथ्याचा दांडा उभा केलाय, तो ओलसर ठेवते. दोन वर्षांत पान तळहाताच्या दुप्पट झालं. उजेड कमी पडला तर दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि आडोशाला खिंडारं पडतात. मग लांबलेले शेंडे छाटून त्याच कुंडीत खोचायचे.

मांजर असेल तर सावध. आमच्या बोक्याने पान चावलं आणि तासभर लाळ गाळत फिरत होता. त्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडात टोचतात.

*

हेच डिफेनबाकियाचं. आणि रांगतं मूल असेल तर कण्हेर दाराशी अजिबात नको, तिचं सगळंच विषारी, पान, फूल, खोड. आम्ही फुलांसाठी लावली होती, बहीण बाळाला घेऊन आली त्या दिवशी काढली.

*

तळमजला, दारासमोर मोकळं आकाश, ऊन चिक्कार. त्यामुळे माझा अनुभव धागाकर्त्याच्या कामाचा नाही, पण दुसऱ्या कुणाच्या असेल.

बांबू लावू नका. लावायचाच तर बेटात वाढणारा लावा, पळणारा नको. माझा पळणारा निघाला आणि दुसऱ्या वर्षी त्याने कुंडी फोडली. शिवाय रोज सकाळी मूठभर पानं दारात. झाडायचा कंटाळा म्हणून मी घरी यायला मागचं दार वापरायला लागलो होतो.

नंतर कामिनी. सुंदर, दाट, फुलली की घमघमाट. पण कुंपणासारखी ठेवायची तर वर्षातून 3-4 वेळा कात्री धरावी लागते. याला कमी देखभालीचं म्हणणाऱ्याने कात्री दुसऱ्याच्या हातात दिलेली असणार.

सध्या क्लुसिया आहे. पान जाड, चामड्यासारखं, खूप दिवस टिकणारं, त्यामुळे कचरा जवळजवळ नाही. एकच गंमत: त्या पानावर नखाने ओरखडलं की खूण पान गळेपर्यंत राहते. हे इमारतीतल्या पोरांना कळलंय. माझ्या दाराशी आता आठ जणांची नावं, एक बदाम आणि एक अर्धवट गणित आहे.

*

10-12 दिवस गैरहजेरी म्हणजे झीझी (ZZ प्लांट). माझा एकदा 5 आठवडे विनापाण्याचा राहिला. मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात, पाणी तिथे साठवतो. पण अंधारात 'जगतो' आणि 'वाढतो' यात फरक आहे. म्हणून मी दोन जोड्या ठेवल्यात. एक पॅसेजमध्ये, एक गॅलरीत सावलीच्या कोपऱ्यात. दर 15 दिवसांनी ड्यूटी बदलायची. 3 वर्षं झाली, चारही टवटवीत.

उजेड मोजायला: दुपारी कागदावर हात एक फूट उंच धरा. सावलीच्या कडा पुसट का होईना दिसल्या तर रॅफिस, झीझी, स्नेक प्लांट तिन्ही चालतील. सावलीच नसेल तर माझ्यासारखी अदलाबदल किंवा ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचा दिवा.

*

कुंडीखालची ताटली! कुणीच लिहिलं नाही. त्यात साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार. बाहेरगावी जाताना ताटली कोरडी करून उलटी ठेवा.

*

धागाकर्ता परत. सगळ्यांचे आभार, स्ट्रेचरवाल्या प्रतिसादाचे विशेष.

पुठ्ठ्याचा प्रयोग केला. मित्राला सोफ्यावर बसवून मी लिफ्टमध्ये तीनदा वरखाली केलं, तिसऱ्या वेळी लिफ्टमध्ये भेटलेल्या आजोबांनी काही हरवलंय का म्हणून विचारलं. सोफा दीड फूट उजवीकडे सरकवला तेव्हा अर्धा प्रश्न तिथेच मिटला. उरलेल्या पट्ट्यासाठी 4 फुटी रॅफिस एक, दाराच्या आतल्या बाजूला, चाकांवर. हाताची सावली दिसते, पुसट आहे.

परवा पहिला 11 दिवसांचा दौरा आहे. ताटली उलटी केली आहे. आल्यावर लिहितो.