इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर लावावा का? सल्ला हवा

उन्हाळपाखरू
दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आहे. बाहेरच्या युनिटमधली पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) जळाली, ती बदलून घेतली. दुरुस्ती करणारे म्हणाले, स्टॅबिलायझर लावा, नाहीतर पुन्हा जाईल. खोक्यावर मात्र 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं ठळक छापलंय. कुणाचं ऐकू? आमच्याकडे लाइट जाते-येते आणि संध्याकाळी दिवे मंद होतात. घ्यायचाच तर किती केव्हीएचा घेऊ?

गुपचूप_वाचक
दीड टनाला 4 केव्हीए, दोन टनाला 5. डोळे मिटून लावून टाका.

फेज_न्यूट्रल
डोळे मिटून नको, आधी मोजा. खोक्यावरच्या ओळीचा अर्थ एवढाच की ठरावीक व्होल्टेजच्या मर्यादेत एसी स्वतःचं स्वतः निभावून नेतो. ती मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलते, माहितीपत्रकात सापडेल. तुमचं व्होल्टेज तिच्या आत असेल तर स्टॅबिलायझर म्हणजे भिंतीवर आणखी एक गुणगुणणारा डबा.

इलेक्ट्रिशियनकडून संध्याकाळी एसीच्या सॉकेटवर दोनदा मोजून घ्या: एसी बंद असताना आणि कॉम्प्रेसर जोरात चालू असताना. बंद असतानाच व्होल्टेज मर्यादेखाली असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या पुरवठ्याचा, तिथे स्टॅबिलायझर कामाचा. पण एसी चालू झाल्यावरच 20 व्होल्ट पडत असतील तर वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. 8 अँपिअर गुणिले 20 व्होल्ट, म्हणजे 160 वॅट उष्णता तुमच्या वायरिंगमध्ये मुरतेय. अशा ठिकाणी स्टॅबिलायझर व्होल्टेज वर ढकलायला उलट जास्त करंट ओढतो आणि जोड आणखी तापतो.

बरं, जळालेली पीसीबी पाहिलीत का? फ्यूजजवळची चपटी गोल चकती (व्हॅरिस्टर) फुटलेली असेल तर जास्त व्होल्टेज किंवा सर्ज (व्होल्टेजची क्षणिक मोठी उसळी) आला असणार.

मामा_वायरमन
आणि बोर्डावर पाल चिकटलेली असेल तर पालच! हसू नका, बाहेरच्या युनिटमध्ये हे नेहमीचं आहे. वायर आत जाते तिथली भोकं बुजवून घ्या. हवा खेळायच्या जाळ्या मात्र झाकू नका.

निवांतपणे
आमचा साधा, म्हणजे नॉन-इन्व्हर्टर एसी आहे. त्याला काय करावं?

फेज_न्यूट्रल
साध्या एसीला कमी व्होल्टेजचा त्रास जास्त. मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं. लाइट जाऊन लगेच आली तर आत गॅसचा दाब अजून उतरलेला नसतो, त्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसर सुरूच होऊ शकत नाही, नुसता घुरघुरतो. म्हणून सुमारे तीन मिनिटांचा टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर घ्या. इन्व्हर्टर एसीत हा डिले सहसा आतच असतो.

विजांच्या सर्जसाठी स्टॅबिलायझरवर विसंबू नका. त्याचा रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) हलेपर्यंत सर्ज येऊन गेलेला असतो. त्यासाठी मेन बोर्डात टाइप 2 एसपीडी (सर्ज अडवणारं उपकरण) बसवा, आणि आधी अर्थिंग तपासा. एसपीडीची खिडकी हिरवी असते ती लाल झाली की संपला, बदला. न्यूट्रल तुटला तर 230 चं 400 च्या दिशेने जाऊ शकतं आणि ते टिकून राहतं, तेव्हा एसपीडीही जळतो. त्यावर उपाय म्हणजे जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारा प्रोटेक्शन रिले.

मामा_वायरमन
कॉम्प्युटरचा स्पाइक गार्ड एसीला लावू नका, ती पट्टी वितळते. बाहेरच्या कॉइलवरची धूळही काढत जा. कॉइल तुंबली की दाब वाढतो, दाबाबरोबर करंटही.

उन्हाळपाखरू
मोजून घेतलं. बंद असताना 218, चालू असताना 195. माहितीपत्रकात 160 पर्यंत चालतं असं दिलंय. प्लग काढला तर एक पिन काळी पडलेली.

फेज_न्यूट्रल
मग स्टॅबिलायझर घेऊ नका, दोष वायरिंगचा आहे. एसीचा एमसीबी आत्ताच पाडून ठेवा. सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला, कारण भाजलेली पिन नवं सॉकेटही भाजते. मेन बोर्डापासून एसीपर्यंत 4 चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र वायर आहे का तेही बघून घ्या, आणि मग पुन्हा मोजा.