कढीपत्ता, लिंबू, बेल: फुलपाखराला तिन्ही सारखीच कशी कळतात?

गच्चीवरची_माई:
कोल्हापुरात, राजारामपुरीत आमच्या गच्चीवर बारा कुंड्या आहेत. गेल्या आठवड्यात चहा घेत बसले होते, तर काळं-पिवळं ठिपक्यांचं एक फुलपाखरू आलं. तुळशीवर टेकलं, उडालं. मोगऱ्यावर टेकलं, उडालं. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर मात्र पुढचे पाय टपटप आपटले, पोट वाकवलं आणि मोहरीएवढं पिवळं अंडं चिकटवून गेलं. मग लिंबावर तेच. मग बेलाच्या रोपावर! पानं बघितली तर एकाचं एकाला नाही. सासूबाई म्हणतात, "त्याला देवाचं झाड कळतंय." मग तुळस का सोडली, हे मी विचारलं नाही (घरात शांतता हवी). कुणी सांगेल का?

पानकिडा:
माई, ते लिंबू फुलपाखरू. ही तिन्ही झाडं एकाच कुळातली, रुटेसी. आपण ते फुलं तपासून ठरवतो, मादी पायानं चव घेऊन. तिच्या पुढच्या पायांवर चव ओळखणारे बारीक केस असतात. लांबून येताना नजर आणि वास कामी येतात, निकाल मात्र पायाचा. ती टपटप म्हणजे चाखणंच.

याच्याच एका जपानी भावंडावर २०११ साली काम झालंय. लिंबाच्या जातीच्या पानांत सिनेफ्रिन नावाचा पदार्थ असतो, तो ओळखणारा ग्राही मादीच्या पुढच्या पायात सापडला. त्याचा जनुक दाबला तर सिनेफ्रिन लागूनही अंडी कमी पडली. एकट्या सिनेफ्रिनवर तिचं भागत नाही म्हणा. चार-सहा पदार्थांची भट्टी जमावी लागते.

ऊसवाला_कागल:
सर, आमी उसात खोडकिड्याला कामगंध सापळे लावल्यात. त्यो बी ह्योच वास काय? म्हंजे मादीला बांधावरच अंडी घालाय लावता येतंय का?

पानकिडा:
नाही दादा. सापळ्यातल्या त्या ल्यूरला, म्हणजे आमिषाला, मादीचा गंध असतो, त्यात नर सापडतो. अंड्यांची जागा मादी झाडावरून ठरवते. तुम्ही म्हणता तसं टोमॅटोत करतात: १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ, घाटेअळीची मादी तिकडं वळते. उलट निंबोळी अर्क फवारला की मादी अंडी घालायला बिचकते.

उसात ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाचं कार्ड) लावत असाल तर आणखी एक गंमत. अंडी घालताना पतंगाच्या अंगावरचे खवले पानावर गळतात आणि ट्रायकोग्रामाची इवली माशी त्यांच्या वासावरून ती अंडी हुडकून त्यांत स्वतःची अंडी घालते. चोरानं दारात कोल्हापुरी विसरावी तसं.

ऊसवाला_कागल:
नाद खुळा! कार्ड हायेत लावल्याली.

गच्चीवरची_माई:
सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "पायानं चव? शी!" बेलावरच्या तीन अळ्या राहू दिल्यात, हुबेहूब पक्ष्याची शीट. कढीपत्त्यावरच्या दोन उचलून लिंबावर ठेवल्या, आमटीला पानं लागतात. सकाळी बघितलं, खायला लागल्यात.