मदत हवी आहे : उपासनेत बदल करताना मंडळी दुभंगू नये म्हणून काय करावं?

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

आमचं चर्च म्हणजे मराठी मंडळी, रविवारी एकच उपासना. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं पेटी-तबला-झांजेवर चालतात. तरुण संघाला कीबोर्ड, गिटार आणि पडद्यावर शब्द हवेत. पाळकीय समितीपुढचा (पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू) आराखडा असा: पहिले तीन महिने फक्त चौथ्या रविवारी नवी पद्धत, नवं गीत एका वेळी एकच, तेच लागोपाठ तीनदा, म्हणजे तोंडात बसतं. प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी काहीच बदलायचं नाही. तीन महिन्यांनी समितीत आढावा.

खरी अडचण तत्त्वाची कमी, पट्टीची जास्त. कीबोर्डवाले मूळ रेकॉर्डिंगच्या पांढरी पाच या उंच पट्टीत सुरू करतात, दुसऱ्या कडव्याला ज्येष्ठ पुरुष गप्प होतात आणि मग ‘ही आमची गाणी नाहीत’ ऐकू येतं. काळी एक-दोन या खालच्या पट्टीवर उतरवलं की निम्मी कुरकुर थांबते. पडद्यावर एका वेळी चारच ओळी, अक्षर ठळक. चष्मेवाल्यांसाठी गीतपुस्तकं बाकांवर राहू द्यायची. (पुस्तकं गोळा करून कपाटात टाकणं ही हमखास चूक.)

आता प्रश्न:

आढाव्यात मतदान घ्यावं का? ५५-४५ निघालं तर हरलेली बाजू कायमची ठरते. त्यापेक्षा महिला मंडळ, ज्येष्ठ आणि तरुण संघ यांच्या वेगळ्या बैठका आधी घेतलेल्या बऱ्या वाटतात. कोणी केल्यात? या बैठकांचे अध्यक्ष पाळकसाहेब असावेत की बाहेरचं कोणी?

आणि मधेच पाळकांची बदली झाली, तर नव्या पद्धतीचा ठराव कसा लिहून ठेवता?