मदत हवी आहे: ५४ अंश सेल्सिअसला नायट्रोजन ‘आदर्श’ वायू होतो का?

नमस्कार. अकरावीला वायुरूप अवस्था शिकवताना एक शंका उद्भवली असून हाताशी असलेल्या पुस्तकांतून तिचे निरसन होत नाही.

आदर्श वायूच्या रेणूंना स्वतःचे आकारमान नसते आणि त्यांच्यात परस्पर आकर्षणही नसते, ही गृहीतके वास्तव वायूंना लागू पडत नाहीत, इथपर्यंत अडचण नाही. ती सुरू होते आलेखापाशी. दाब आणि आकारमान यांच्या गुणाकाराला एनआरटीने (मोलसंख्या, वायू स्थिरांक आणि केल्विनमधील तापमान यांच्या गुणाकाराने) भागल्यावर येणारी संख्या, म्हणजे झेड, आदर्श वायूसाठी नेहमी १ असते. सामान्य तापमानाला कार्बन डायऑक्साइडचा आलेख दाब वाढताच १ च्या खाली उतरतो आणि फार मोठ्या दाबाला पुन्हा वर चढतो; हायड्रोजनचा मात्र सुरुवातीपासूनच वर जातो. मग हायड्रोजनच्या रेणूंमध्ये आकर्षणच नाही, असे म्हणायचे का? तसे असते तर तो सुमारे २० केल्विनला द्रवरूप झालाच नसता.

दुसरे असे की, ३२७ केल्विनच्या आसपास, म्हणजे ५४ अंश सेल्सिअसला, नायट्रोजनचा झेड बऱ्याच दाबापर्यंत जवळजवळ १ राहतो. हेच त्याचे बॉईल तापमान. ‘म्हणजे तिथे तो आदर्श झाला,’ असे एक विद्यार्थिनी म्हणाली. मला ते पटले नाही, पण खोडताही आले नाही.

प्रतिसाद:

आधी हायड्रोजनचे पाहू. व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ मध्ये मांडलेल्या समीकरणातील दोन दुरुस्त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने काम करतात: रेणूंच्या आकारमानामुळे हिंडायला जागा कमी उरून दाब वाढतो, तर आकर्षणामुळे भिंतीवर आदळू पाहणारा रेणू मागे ओढला जाऊन दाब घटतो. एक मोल वायू ३०० केल्विनला अर्ध्या लिटरच्या पात्रात आहे असे धरल्यास आदर्श समीकरणाने दाब ४९.२ अ‍ॅटमॉस्फिअर येतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत आकारमानामुळे त्यात ४.६ ची भर पडते आणि आकर्षणामुळे १४.४ वजा होतात, म्हणून उत्तर ३९.५ येते. हायड्रोजनसाठी भर २.८ आणि घट केवळ १.०, म्हणून ५१.० येते. आकर्षण तिथेही आहेच, ते फक्त हरले आहे. हायड्रोजन त्याच्या बॉईल तापमानाखाली, म्हणजे ११० केल्विनच्या खाली नेला, की त्याचाही आलेख आधी खाली उतरतो. फळ्यावर ही आकडेमोड जरूर करून दाखवावी. नुसत्या आलेखावरून मुलांना हे कळत नाही, असे माझे मत आहे.

नायट्रोजनचे उत्तरही यातच आहे. बॉईल तापमानाला दोन्ही परिणाम एकमेकांना छेद देतात. जमा आणि खर्च सारखेच निघाले म्हणून व्यवहार झालाच नाही, असे होत नाही.

धागाकर्ता:

आभारी आहे. हे तर्काने पटते, परंतु झेड जर १ च असेल, तर आकर्षण शिल्लक आहे हे प्रयोगाने कसे दाखवायचे?

प्रतिसाद:

ज्यूल आणि थॉमसन यांच्या प्रयोगाने. उष्णतारोधक नळीतून, सच्छिद्र अडथळ्यापलीकडे, वायू कमी दाबाकडे जाऊ दिला तर आदर्श वायूचे तापमान मुळीच बदलणार नाही. ३२७ केल्विनचा नायट्रोजन मात्र थंड होतो, कारण त्याचे व्युत्क्रम तापमान (ज्याच्या खाली वायू या प्रयोगात थंड होतो आणि ज्याच्या वर तापतो ते तापमान) ६२० केल्विनच्या आसपास, म्हणजे बरेच वर आहे. शिवाय बॉईल तापमानाला दाब आणि आकारमानाचा गुणाकार जवळजवळ बदलत नसल्यामुळे ही थंडी रेणूंना आकर्षणाविरुद्ध दूर जाताना खर्चाव्या लागलेल्या ऊर्जेचीच ठरते. विद्यार्थिनीला हे सांगता येईल.

हायड्रोजनचे व्युत्क्रम तापमान २०० केल्विनच्या जवळपास असल्याने तो खोलीच्या तापमानाला याच प्रयोगात किंचित तापतो. म्हणूनच जेम्स ड्यूअर यांना १८९८ मध्ये हायड्रोजन द्रवरूप करण्यापूर्वी तो द्रवरूप हवेच्या साहाय्याने गार करून घ्यावा लागला होता.