एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिले की विक्रेत्याला पैसे देण्याचं बँकेचं वचन) आणि बँक गॅरंटीत बँक मालाकडे का बघत नाही? हे कधीपासून असं आहे?

मसालेवाला: आमचा छोटा एक्स्पोर्ट आहे. एलसीत पेपरमध्ये एक शब्द इकडचा तिकडे झाला की डिस्क्रेपन्सी म्हणजे तफावत काढून पैसे अडवतात, माल कितीही चांगला असो. आता नवीन बायर परफॉर्मन्स गॅरंटी पण मागतोय, म्हणजे मी करार पाळला नाही तर बँक त्याला पैसे देईल अशी हमी. हे नियम आले कुठून, कोणी सांगेल का?

जुनीहुंडी: मूळ लंडनच्या मर्चंट बँकांत आहे. 19व्या शतकात अनोळखी व्यापाऱ्याच्या हुंडीवर नावाजलेल्या बँकेने सही केली की ती कुठेही वटायची. पण बँकेला व्हॅनिलातलं काय कळणार, म्हणून ती कागदच बघणार. व्हॅनिला म्हणालो कारण 1927 ची केस आहे, बटाव्हियाहून म्हणजे आजच्या जकार्ताहून माल निघाला, एलसीत 'तज्ज्ञांचं' सर्टिफिकेट मागितलेलं, बँकेने एकाच तज्ज्ञाच्या सहीवर पैसे दिले आणि पेट्यांत निघाल्या काटक्या, दगड, भंगार लोखंड! हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, बँकेलाच जबाबदार धरलं. मग बँका एका शब्दावरून अडणारच ना. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे एलसीसाठीचे यूसीपी नियम 1933 ला आले, आता चालतात ते यूसीपी 600, 2007 पासूनचे.

कायदाप्रेमी: पण उघड फसवणूक असेल तर बँकेला थांबवता येतं, आणि त्याची गाजलेली केस आपल्याकडच्या मालाचीच आहे. लखनऊहून न्यूयॉर्कला ब्रशचे केस जायचे होते, तक्रार अशी की 50 पेट्यांत गाईचे केस आणि कचरा भरलाय. कागद सगळे चोख. 1941 मध्ये न्यायाधीश शिएंटाग म्हणाले, फसवणूक पैसे देण्याआधीच बँकेच्या कानावर घातली असेल तर एलसीच्या स्वतंत्रपणाची (एलसी मूळ सौद्यापासून वेगळी, या नियमाची) ढाल विक्रेत्याला मिळणार नाही.

बीजीडेस्क: गॅरंटीचं जास्त जपा. 1977 ला इंग्लंडमध्ये एडवर्ड ओवेन केस झाली, लिबियाला ग्रीनहाऊस द्यायची होती, बायरने ठरल्याप्रमाणे एलसी उघडली नाही आणि वर 10 टक्क्यांची गॅरंटी इनव्होक केली, म्हणजे बँकेकडे पैसे मागितले, तरी न्यायाधीश लॉर्ड डेनिंग म्हणाले बँकेने द्यायचेच. आपल्या सुप्रीम कोर्टाचा सूर पण तोच. म्हणून मसालेवाले, गॅरंटीच्या ड्राफ्टमध्ये 'पहिल्या मागणीवर' (म्हणजे बायरने नुसतं मागताच पैसे) असेल तर क्लेमसोबत बायरने लेखी कारण द्यावं अशी अट घालून घ्या, यूआरडीजी 758 (त्याच चेंबरचे अशा गॅरंटीसाठीचे नियम) लावलंत तर ती अट त्यात आहेच, आणि एक्स्पायरीची तारीख स्पष्ट लिहा.

मसालेवाला: धन्यवाद सगळ्यांना, ड्राफ्ट अजून सही व्हायचाय, उद्याच यूआरडीजीचं बोलतो.