नाशिकहून नगरचं रणगाडा संग्रहालय: वयस्कर वडील आणि दहा वर्षांचा मुलगा सोबत, एका दिवसात जमेल का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकरोडला राहतो. बाबा तोफखान्यातून निवृत्त, वय 76. 1971 ला शकरगढ भागात पंचवीस पाउंडर तोफेवर होते. त्या दिवसांबद्दल फारसं बोलत नाहीत. परवा लेकाने विचारलं, "आजोबा, तुम्ही खरा रणगाडा पाहिलाय?" ते म्हणाले, "लांबून."
पुढच्या महिन्यात शिर्डीला जायचंच आहे. तिथून पुढे नगरचं रणगाडा संग्रहालय करावं असं मनात आहे. बाबांचे गुडघे दुखतात, ऐकूही कमी येतं. कोणी म्हातारी माणसं घेऊन गेलंय का? मुलाला समजेल असं तिथे काही आहे का?

सिन्नरकर
शिर्डी सोडली की राहाता, बाभळेश्वर, कोल्हार, राहुरी आणि नगर. अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, पण रस्त्याचा भरवसा धरू नका, ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्याही असतात. सकाळी शिर्डीत काकड आरती, दुपारी नगर आणि रात्री घरी असा बेत करू नका. बाबांसाठी शिर्डीत मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच संग्रहालय गाठा. बरेचसे रणगाडे उघड्यावर आहेत, दुपारी लोखंड तापतं. टोपी, पाणी, सगळ्यांचं आधार कार्ड. निघण्याआधी वेळा फोनवर विचारून घ्या, जागा लष्कराची आहे.

चिलखती_वेड
ताई, नक्की जा. हे संग्रहालय फेब्रुवारी 1994 मध्ये नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने, म्हणजे लष्कराच्या रणगाडा दलाच्या प्रशिक्षण केंद्राने, उभं केलं. पन्नासच्या आसपास गाड्या आहेत. रोल्स-रॉइसची चिलखती मोटार आहे, ब्रिटिशांचे माटिल्डा आणि चर्चिल आहेत, जपानी रणगाडे आहेत, आपला चेन्नईजवळच्या आवडी इथे बनलेला विजयंता आहे. पण पन्नासही बघू नका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा प्रत्येक पाटी वाचली आणि घरी आल्यावर एकही आठवेना. दुसऱ्यांदा पुतण्याला नेलं तेव्हा फक्त तीन बघितले: पॅटन, सेंचुरियन, शेरमन.

आदल्या रात्री मुलाला असल उत्तरची गोष्ट सांगा. सप्टेंबर 1965, पंजाबात खेमकरणजवळ. पाकिस्तानकडे अमेरिकेचे पॅटन, 90 मिलिमीटरची तोफ. आपल्याकडे थोडे सेंचुरियन, बाकी दुसऱ्या महायुद्धातले शेरमन आणि हलके फ्रेंच एएमएक्स. आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतांत सोडलं आणि रणगाडे उभ्या उसात दडवले. पॅटन चिखलात रुतले, वळायला गेले की बाजू उघडी पडायची. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने कितीतरी पॅटन फोडले आणि तिथेच वीरमरण पत्करलं. परमवीर चक्र. त्या लढाईत शत्रूचे नव्वदहून जास्त रणगाडे गेले.
राहुरीच्या उसातून जाताना मुलाला खिडकीतून दाखवा, एवढ्या उंच पिकात काय काय लपतं ते. मग पॅटन दिसला की त्याची उंची त्याच्या लगेच लक्षात येईल. पुतण्या त्या दिवशी पॅटनला तीन फेऱ्या मारून आला.

घोरपडीकर
त्यापेक्षा पुणे करा. घोरपडीच्या युद्धस्मारकात मिग-23 विमान आहे, हुतात्म्यांची नावं कोरलेली आहेत, चालायलाही सोपं.

सिन्नरकर
चांगलं आहे, पण ताईंचा रस्ता शिर्डीचा. ते वेगळ्या सुट्टीत.

तोफखाना_जुना
बाबांना माझा सलाम सांगा. मीही गनर, म्हणजे तोफखान्यातलाच. ऐकू न येणं हा आमच्याकडे नोकरीसोबत मिळणारा आजार, तेव्हा ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूने चाला आणि माहिती त्यांना तुम्हीच सांगा. नाशिकरोडला आपल्या तोफखाना केंद्रातही संग्रहालय आहे, माजी सैनिकाचं ओळखपत्र घेऊन गेटवर चौकशी करा. 28 सप्टेंबर हा गनर्स डे, 1827 पासूनची परंपरा. घराजवळ आहे म्हणून राहून जातं, तसं होऊ देऊ नका.
आणि शकरगढ म्हणालात म्हणून सांगतो. बसंतर नदीची लढाई त्याच भागातली. पुण्यात जन्मलेले पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे अरुण खेत्रपाल 16 डिसेंबर 1971 ला तिथे सेंचुरियनवर लढले, रणगाडा पेटला तरी सोडला नाही. वय 21. सेंचुरियनपाशी बाबांना घाई करू नका.

गोदाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो. शिर्डीत मुक्काम केला, सकाळी लवकर पोचलो, गर्दी नव्हती. तीनच रणगाडे बघायचं ठरवलं होतं, पाच झाले. लेकाने उसाची गोष्ट आजोबांनाच परत सांगितली.
बाबा पॅटनपाशी बराच वेळ उभे राहिले. हात लावायला मनाई असेल म्हणून मी थांबवत होते, तर ते स्वतःच हात मागे बांधून उभे होते. मग लेकाला म्हणाले, "आमची तोफ बारा किलोमीटरपर्यंत मारायची. पुढे बसलेला ऑब्झर्वर वायरलेसवर आकडे सांगायचा, आम्ही तोफ फिरवायची, गोळा भरायचा. कशावर पडला ते आम्हाला कधी दिसलंच नाही." थोड्या वेळाने, "इतका मोठा असतो होय."
खाली बसायला जागा शोधली आणि तिथे ते पाऊण तास बोलले. सहा जणांच्या तोफेत कोण काय करायचं, थंडीत तेल कसं गोठायचं, त्यांचा जोडीदार सांगलीचा होता. हे आम्ही घरात कोणीच ऐकलं नव्हतं.
तोफखाना_जुना काका, येत्या शनिवारी नाशिकरोडच्या गेटवर ओळखपत्र घेऊन जातोय. बाबांनी आजच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय.