वडिलांच्या पुस्तकांची विक्री कशी करावी?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): वडिलांच्या पश्चात घरात सुमारे ४०० मराठी पुस्तके आणि दिवाळी अंक आहेत. घर लहान असल्याने ती ठेवता येत नाहीत, पण रद्दीत घालायला मन धजत नाही. योग्य किंमत कशी मिळेल?

उत्तर (निपाणी): ताई, सर्वप्रथम प्रत्येक पुस्तकाचे मुद्रणपान पाहून पहिली आवृत्ती आणि पुनर्मुद्रणे वेगळी करावीत. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने त्या काळातील शालेय पुस्तके किंवा स्थानिक छापखान्यांतील पुस्तिका निघाल्या, तर त्या अजिबात घाईने विकू नयेत, कारण अभ्यासकांना त्यांचीच ओढ असते. गाजलेल्या कादंबऱ्यांच्या अलीकडच्या आवृत्त्यांना मात्र फारसा भाव येत नाही.

उत्तर (खानापूर): आमच्याकडच्या पावसाने कागद दमट होतो, म्हणून आधी पुस्तके सावलीत वाळवावीत, कसर लागलेली प्रत इतरांत मिसळू नये. डाग, फाटलेली पाने आणि नावाचा शिक्का यांची छायाचित्रे ग्राहकाला आधीच पाठवावीत. टपालखर्च वजनावर ठरत असल्याने जाडजूड ग्रंथ शक्यतो गावातच विकावेत.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. वडिलांच्या हस्ताक्षरातील टिपणे असलेली पुस्तके मी ठेवून घेणार आहे.